कार्यालयीन इंग्रजीतील वाक्प्रचार

कार्यालयात इंग्रजीतून व्यवहार करताना अवघड शब्दांपेक्षा सोप्या शब्दांचे वाक्प्रचारच अधिक चकवतात. शब्द ओळखीचे असतात, अर्थ मात्र निराळा निघतो. नित्य कानी पडणारे असे काही वाक्प्रचार व त्यांचे अर्थ :

बॉलपार्क फिगर : ढोबळ आकडा. बॉलपार्क म्हणजे अमेरिकेतील बेसबॉलचे मैदान. वरिष्ठांनी असा आकडा मागितल्यास पै-पैचा हिशेब अपेक्षित नसतो. अंदाज पुरेसा असतो.

टच बेस : थोडक्यात संपर्क साधणे. 'लेट्स टच बेस ऑन मंडे' म्हणजे सोमवारी जरा बोलून घेऊ. सविस्तर बैठकीचे हे निमंत्रण नव्हे.

कट कॉर्नर्स : वेळ वा पैसा वाचविण्यासाठी काम थातुरमातुर उरकणे. झटपट काम केल्याची ही शाबासकी नसून ठपका आहे.

पास द बक : जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणे, टोलवाटोलवी करणे. येथे 'बक' म्हणजे डॉलर नव्हे. पोकरच्या खेळात पत्ते वाटण्याची पाळी कोणाची, हे दर्शविणारी ती खूण. अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या मेजावर 'द बक स्टॉप्स हिअर' अशी पाटी असे. अंतिम जबाबदारी आपलीच, हा तिचा आशय.

गेट द सॅक : नोकरीवरून काढले जाणे. इंग्रजीत अशा वेळी हाती पिशवी येते, मराठीत नारळ.

रेड टेप : नियम व कागदपत्रांमुळे होणारी दिरंगाई. सरकारी कागद लाल फितीने बांधण्याच्या प्रथेवरून हा शब्दप्रयोग आला. मराठीतील 'लालफीत' ती हीच.

टेबल : सर्वाधिक सावधगिरी येथे हवी. ब्रिटिश इंग्रजीत एखादा विषय 'टेबल' करणे म्हणजे तो चर्चेस घेणे. अमेरिकी इंग्रजीत मात्र तो लांबणीवर टाकणे. दुसऱ्या महायुद्धात याच शब्दावरून ब्रिटिश व अमेरिकी अधिकाऱ्यांत रंगलेला वाद विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या युद्धविषयक ग्रंथात नोंदविला आहे. सभागृहाच्या 'पटलावर ठेवणे' या प्रयोगामुळे भारतीयांना ब्रिटिश अर्थ जवळचा वाटतो. त्यामुळे अमेरिकी ग्राहकाने प्रस्ताव 'टेबल' केल्याचे कळविल्यास चर्चेची तयारी करीत बसण्याचा धोका संभवतो.

म्हणूनच वाक्प्रचार ऐकताना बोलणारा कोणत्या देशातील आहे, हे ध्यानात घ्यावे आणि शंका आल्यास अर्थ विचारून घ्यावा. स्वतः लिहिताना, विशेषतः मुदत, रक्कम वा निर्णय कळविताना, साधे व निःसंदिग्ध शब्दच वापरणे श्रेयस्कर.