ब्रह्मपुरी येथील कांस्यवस्तू

ब्रह्मपुरी येथील कांस्यवस्तू : कोल्हापूर शहराच्या पश्चिमेस, पंचगंगेच्या काठी असलेल्या ब्रह्मपुरी टेकाडात सापडलेला प्राचीन धातुवस्तूंचा संग्रह. त्यात स्थानिक घडणीच्या वस्तूंबरोबर रोमन साम्राज्यातून आलेली काही अलंकृत भांडी व शिल्पे असल्याने दख्खनच्या व्यापारेतिहासात त्याला महत्त्व प्राप्त झाले आहे.

या ठिकाणी १९४४ मध्ये प्रा. के. जी. कुंदणगार यांनी केलेल्या उत्खननात या वस्तू उपलब्ध झाल्या. त्यानंतर डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी १९४५–४६ मध्ये तेथे पद्धतशीर उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. या उत्खननांमुळे ब्रह्मपुरी येथे सातवाहनकाळी विटांच्या घरांची समृद्ध वसाहत होती, हे स्पष्ट झाले.

आयात वस्तूंपैकी समुद्रदेवता पोसायडनची कांस्यमूर्ती सर्वांत प्रसिद्ध आहे. दाढीधारी, नग्न देवतेच्या उंचावलेल्या हातात मूळचा त्रिशूळ असावा. शरीराचा भार एका पायावर पेलणारी तिची ठेवण ग्रीक शिल्पपरंपरेतील आहे. संग्रहात एक पाश्चात्त्य घडणीचा सुरईवजा कुंभ व पर्सियस–अँड्रोमेडा यांच्या कथेचे उठावचित्र असलेली एक चकतीही आहे. अशा चकत्या स्वतंत्रपणे घडवून त्या भांड्यांच्या मध्यभागी किंवा इतर वस्तूंवर बसवीत. पत्रा मागील बाजूने ठोकून आकृती उठविणे आणि पुढील बाजूने तिचे बारकावे कोरणे, ही त्यांची कृती होती. भांड्याची मूठ मात्र बहुधा वेगळी ओतून अंगाला जोडली जाई.

या अलंकरणाचा मूळ आदर्श चांदीच्या भांड्यांत आढळतो. श्रीमंत रोमन घरांत चांदीचे पेले व तबके प्रतिष्ठेची मानली जात. त्यांच्या निवडक भागांवर सोन्याचा मुलामाही देत. पाँपेईजवळील बॉस्कोरेआले येथे १८९५ मध्ये सापडलेल्या व आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेल्या तबकात अशीच उठावाची चकती मध्यभागी बसविली असून तिचा काही भाग सोनेरी आहे. हीच रूपे कांस्यात उतरल्यावर अधिक लोकांच्या आवाक्यात आली. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात भडोच (बॅरिगाझा) बंदरात राजासाठी मौल्यवान चांदीची भांडी व उंची मद्य येत असे, असा उल्लेख आहे. पैठण व तेर या अंतर्भागातील पेठांचीही त्यात नोंद आहे. कोल्हापूरच्या संग्रहातील कांस्यभांडी याच व्यापारप्रवाहातील, पण चांदीहून कमी मोलाची वस्तू ठरतात.

या वस्तू कोणत्या केंद्रात घडल्या, याबाबत एकमत नाही. काही अभ्यासकांनी अलेक्झांड्रियाकडे, तर काहींनी इटलीकडे निर्देश केला आहे. कार्ल खंडालावाला यांनी १९६० मध्ये आणि रिचर्ड द प्यूमा यांनी १९९१ मध्ये त्यांचा पुनर्विचार केला. वस्तू घडण्याचा काळ व ती जमिनीत गेल्याचा काळ एकच मानता येत नाही. टिकाऊ धातूची वस्तू अनेक पिढ्या वापरात राहू शकते. म्हणून केवळ अलंकरणाच्या शैलीवरून ब्रह्मपुरीच्या थराचा काळ ठरविणे धोक्याचे आहे.

संग्रहातील बहुसंख्य वस्तू भारतीय असून त्यांत स्वार असलेल्या हत्तीचे उत्कृष्ट शिल्प आहे. मूठभर परदेशी वस्तूंवरून येथे रोमन व्यापाऱ्यांची वसाहत होती, असे अनुमान काढता येत नाही. कोकणातील बंदरे व घाटमाथा यांना जोडणाऱ्या मार्गांनी, बहुधा अनेक हातांतून, त्या येथे पोहोचल्या असाव्यात. हा व्यवहार एकतर्फी नव्हता. पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेली भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती, तसेच तेर व भोकरदन येथील तत्सम हस्तिदंती काम यांवरून दख्खनच्या कारागिरीचाही पश्चिमेकडील प्रवास सूचित होतो. दूरच्या समुद्रदेवतेची मूर्ती आणि देशी हत्ती एकाच संग्रहात आढळावेत, यातच सातवाहनकालीन कोल्हापूरच्या संपन्न व बहुसंपर्की जीवनाची साक्ष आहे. पोसायडनची मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात जतन केलेली आहे.