पांढऱ्या लुगड्यामागचं पाणी

विहारात येताना आपण स्वच्छ पांढरी वस्त्रे नेसतो. या स्वच्छतेलाही इतिहास आहे. पूर्वी आपल्या माणसांना गावच्या पाणवठ्याला शिवू देत नसत आणि वर 'घाणेरडे' म्हणून हिणवत. पाणीच नाही, तर लुगडं धुवायचं कशानं? २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर घेतलेल्या त्या ओंजळीत धुण्याचाही हक्क होता. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच बाबासाहेबांनी आयाबहिणींना सांगितलं, लुगडं ठिगळाचं असलं तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो बंधुभगिनी पांढऱ्या वस्त्रांत दीक्षेला उभे राहिले. कुणाच्या पेटीत आजीची तशी साडी असेल, तर ती जपा. मुलांना घडी दाखवताना तळ्याची गोष्टही सांगा.