जुन्या पीसीवर गेम अडकतोय? पार्ट घेण्याआधी हे बघा

बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत खरेदीला निघण्याआधी घरी गेम चालू ठेवून टास्क मॅनेजरमधला परफॉर्मन्स टॅब बघा. जीपीयू सतत ९५ टक्क्यांच्या पुढे असेल तर ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. सीपीयूच १०० ला टेकला असेल तर नवं कार्ड घालून फारसा फायदा नाही. एसएसडीने गेम लवकर लोड होतो, एफपीएस सहसा वाढत नाही (दुकानदार हे सांगेलच असं नाही!). ऑफिसातून निघालेल्या पीसीचा एसएमपीएस लहान असतो, त्याला जीटीएक्स १६५० सारखं ७५ वॉटचं कार्ड बरं. मात्र वेगळी पॉवर केबल न लागणारं मॉडेलच घ्या. त्याहून मोठं कार्ड म्हणजे बहुतेकदा एसएमपीएसचाही खर्च आलाच.