घरची कणगी आणि सावकाराचे माप

काटकसर हा शब्द उच्चारला की नगरवासी सुशिक्षित कुटुंबाच्या डोळ्यांपुढे वाण्याची यादी, महिन्याचे वेतन आणि त्या दोहोंचा मेळ घालणारी गृहिणी उभी राहते. हे चित्र खरे आहे. पण ते अपुरे आहे. काटकसर हा गृहिणीचा गुण खरा, तथापि त्या गुणाचे फळ कोणाच्या पदरी पडते, हे घराबाहेरच्या व्यवस्थेवर अवलंबून असते. ह्या गोष्टीचा इतिहास पाहावयाचा तर तो मुंबईपासून रेल्वेने सुमारे सव्वाशे किलोमीटर अंतरावरील डहाणूच्या परिसरात स्पष्टपणे वाचावयास मिळतो.

२ मे १९४३ रोजी मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले, तेव्हा खुद्द शहराला दाणा मोजून खाण्याची सवय सक्तीने लागली. त्याच वर्षी बंगालात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. त्यामुळे मोजून मिळणाऱ्या शिध्याविषयी कुरकुर करणाऱ्यासही त्याचे मोल कळत होते. परंतु जी विद्या मुंबईकर त्या वर्षी नव्याने शिकत होता, ती डहाणू, उंबरगाव व तलासरी ह्या भागांतील वारली घरांत कित्येक पिढ्या मुरलेली होती. सरावलीसारख्या गावांचा हा मुलूख. एकीकडे समुद्रपट्टी, दुसरीकडे डोंगर व रान, आणि शेती सारी चार महिन्यांच्या पावसावर.

ह्या घरांतील अन्नाचे वर्ष सुगीपासून सुरू होई. भात, नागली, वरई, उडीद व तूर घरी आली की धान्य शेणमातीने सारवलेल्या बांबूच्या कणगीत जाई. नागली, म्हणजेच नाचणी, हे त्यातील मोठे धन. कारण तिला कीड सहसा लागत नाही व ती दीर्घकाळ टिकते. वारली समाज धान्याला कणसरी ह्या देवतेचे रूप मानतो. दाणा सांडू नये, ही शिकवण त्या घरी हिशेबाच्या वहीतून नव्हे, तर श्रद्धेतून येते.

धान्य पुरवून खाण्याच्या युक्त्या अनेक होत्या. ज्या पिठाच्या चार भाकऱ्या होतील, त्याच पिठाची आंबील केली तर ती अधिक माणसांच्या पोटाला आधार देते. भाताची पेज केली म्हणजे उकळलेले पाणी फुकट जात नाही. पावसाच्या आरंभी रानात शेवळी उगवतात. त्या घशाला खाजतात म्हणून त्यांत काकडाची आंबट फळे घालतात. पुढे कुरडू, टाकळा व कंटोळी येतात. कडूकंदाच्या पातळ चकत्या उकडून, वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवून त्यांचा कडूपणा काढतात. उन्हाळ्यात मोहाची फुले वेचून वाळवितात व मोहाच्या बियांचे तेल गाळतात. किनाऱ्याकडून येणारी मूठभर सुकट कोरड्या भाकरीस चव आणते. ह्यांपैकी एकही पदार्थ वाण्याच्या यादीत नाही.

ह्या पाकक्रियेत शास्त्रही कमी नव्हते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते दहाच्या आसपास भरते. कूनूरच्या पोषण-संशोधनशाळेत डॉ. एक्रॉइड व त्यांचे सहकारी यांनी १९३५ नंतर भाताचा अभ्यास केला. गिरणीत फार सडलेला तांदूळ, तो पुनःपुन्हा धुणे आणि शिजविल्यावर पाणी ओतून देणे, ह्या तिन्हींमुळे ब-जीवनसत्त्वाचा मोठा नाश होतो, असे त्यातून दिसले. पेज पिणाऱ्या घरी हे पाणी कधी ओतले जातच नव्हते.

मग इतके कौशल्य असताना ही घरे उपाशी का राहिली? ह्याचे उत्तर चुलीपाशी नाही; ते खावटी ह्या एका शब्दात आहे. कणगीचा तळ दिसू लागे तो नेमका शेतीच्या ऐन कामाचा काळ. तेव्हा जमीनदार किंवा सावकार यांच्याकडून खाण्यापुरते धान्य उसने आणावे लागे. ते सुगीला बहुधा दिढीने फेडावयाचे. म्हणजे एक मण आणला तर दीड मण द्यावयाचा. चार-पाच महिन्यांच्या उसनवारीवर हे शेकडा पन्नास व्याज झाले.

हा हिशेब घरगुती मापांनी मांडून पाहावा. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची पायली आणि चाळीस शेरांचा मण. रोज दोन शेर धान्य लागणाऱ्या घराने दोन मण खावटी आणली, तर ती चाळीस दिवस पुरेल. सुगीला मात्र तीन मण, म्हणजे साठ दिवसांचे अन्न, परत जाईल. ह्यातील व्याजच चाळीस शेर. गृहिणीने रोज एक चिपटे वाचविले तरी तेवढे धान्य साठण्यास एकशे साठ दिवस लागतील. पाच महिन्यांहून अधिक काळ पोटाला चिमटा घेऊन शिल्लक टाकावी, आणि ती एका दिवसात सावकाराच्या मापात ओतावी, असा हा व्यवहार होता. शिल्लक गेली म्हणजे पुढच्या पावसाळ्यात पुन्हा खावटी अटळ. लग्नासाठी कर्ज काढणारा तर लग्नगडी होऊन धनकोच्या घरी राबत राही.

ही स्थिती सरकारला अज्ञात नव्हती. मुंबई इलाख्यातील आदिवासींविषयी डी. सिमिंग्टन यांनी केलेला अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कर्ज व वेठ यांचे स्वरूप उघड केले आहे. परंतु परिस्थिती पालटण्यास आरंभ झाला तो २३ मे १९४५ रोजी झरी येथे भरलेल्या किसान सभेच्या परिषदेने. तेथे वेठ व लग्नगडीची प्रथा मोडण्याचा निर्धार झाला. पुढे गवत कापणीस पाचशे पौंडांना अडीच रुपये दर मिळावा, अशी मागणी उभी राहिली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. ह्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या १९७० मधील ग्रंथात नोंदविली आहे. लढा मजुरीचा व मानाचा होता. पण मजुरी रोख व पुरती मिळणे ह्याचाच दुसरा अर्थ खावटीची गरज कमी होणे, असा होतो.

खावटी हा शब्द मात्र पुढेही राहिला. पालटला तो देणारा. महाराष्ट्र शासनाने १९७८ पासून आदिवासी कुटुंबांस पावसाळ्यासाठी खावटी कर्ज देण्याची योजना चालविली, आणि २०२० मध्ये त्याचे अनुदान केले. प्रत्येक पात्र कुटुंबास चार हजार रुपये, त्यांतील अर्धे रोख व अर्धे वस्तुरूप. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसामागे दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला. सावकाराच्या मापाची जागा कायद्याच्या मापाने घेतली, हा ह्या इतिहासातील मोठा पालट होय.

नगरातील गृहिणीने ह्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. धान्य अंदाजाने न घेता वाटीने मोजून शिजवावे. भाताचे पाणी आमटीत वा पेजेत वापरावे. आठवड्यातून काही वेळा नाचणीस ताटात स्थान द्यावे. आणि ऋतूत जे स्वस्त मिळते त्यावर स्वयंपाक बेतावा. ह्यांपैकी एकाही गोष्टीस धन लागत नाही, लक्ष मात्र लागते. शिल्लक राहिलेले धान्य तिच्याच डब्यात राहते, हे तिचे भाग्य. डहाणूच्या चुलीपुढे बसलेल्या स्त्रीला तेवढ्यासाठी अनेक वर्षे वाट पाहावी लागली. म्हणून कोणा गरिबाला काटकसरीचा उपदेश करण्यापूर्वी, त्याने वाचविलेले चिपटे अखेर कोणाच्या मापात जाते, हे आधी विचारून घ्यावे.