हत्शेप्सुत राणीचें नांव केव्हां व कां पुसलें गेलें?

नाईलच्या पश्चिम तीरावर, थीब्स नगरासमोर देर-अल्-बहरी येथें जें भव्य मंदिर आहे, त्यांतील लेख वाचीत असतां फ्रेंच पंडित शांपोल्यों इ. स. १८२९ मध्यें अडखळला. चित्रांत कृत्रिम दाढी लावलेला राजा. लेखांत मात्र त्याच राजाविषयीं स्त्रीलिंगी रूपें! प्राचीन मिसरी भाषेंत स्त्रीलिंगाचा प्रत्यय ‘त्’ हा आहे. संस्कृतांत ‘गतः’ व ‘गता’ यांत जो भेद, तो तेथें या एका व्यंजनानें होतो. मूळ नांव टांकीनें खरवडून त्या जागीं दुसऱ्या राजांचीं नांवें कोरलेलीं होतीं. पण व्याकरण पुसावयाचें राहून गेलें होतें.

तें पुसलेलें नांव हत्शेप्सुत हिचें. ही पहिल्या थुतमोसची कन्या व दुसऱ्याची पट्टराणी. पति निवर्तल्यावर, इ. स. पू. १४७९ च्या सुमारास, सवतीचा अल्पवयी पुत्र तिसरा थुतमोस गादीवर आला व राणी कारभार पाहूं लागली. सातव्या राज्यवर्षापर्यंत तिनें स्वतः राजपद धारण केलें होतें. नवव्या वर्षीं पुंत देशास पाठविलेल्या गलबतांनीं सुगंधी गोंदाचीं झाडें मुळांसकट आणल्याचीं चित्रें उपरोक्त मंदिराच्या भिंतींवर आहेत.

सावत्र पुत्रानें सूडबुद्धीनें तिचें नांव नष्ट केलें, असें जुने विद्वान् मानीत. कैकेयीची कथा लहानपणापासून ऐकलेल्या आम्हांसही तें चटकन् पटतें; परंतु प्रमाणें विरुद्ध आहेत. थुतमोस बाविसाव्या राज्यवर्षाच्या सुमारास एकटा राजा झाला, आणि खरवडण्याचें काम त्याच्या बेचाळिसाव्या वर्षाच्या आधींचें दिसत नाहीं. वीस वर्षें थांबणारा हा कसला क्रोध? शिवाय, जेथें ती राजा म्हणून दाखविली आहे तेथेंच टांकी चालली. राजपत्नी म्हणून कोरलेल्या प्रतिमा बहुतेक तशाच आहेत. तिचे पुष्कळ पुतळे मान, कंबर व गुडघे येथें तोडलेले आढळतात. अन्य राजांच्या पुतळ्यांचेंही सामर्थ्य हरण करण्याची ही रीतच होती, असें २०२५ मधील एका संशोधनांत दाखविलें आहे. द्वेष तिच्या व्यक्तीचा नव्हे, तिच्या राजपदाचा उल्लेख तेवढा नकोसा होता, असें आमचें मत आहे. पुत्र दुसरा अमेनहोतेप याचा वारसा निर्वेध व्हावा हा हेतु संभवतो. पुढें सेती राजाच्या अबिदोस येथील राजावलींतही तिचें नांव नाहीं.

कर्णाक येथें तिनें सात महिन्यांत घडवून उभारलेला एकसंध ग्रानाइटचा स्तंभ सुमारें २९ मीटर उंच आहे. तो झांकण्यासाठीं थुतमोसनें त्याच्याभोंवतीं भिंत बांधली. त्या भिंतीच्या आड राहिलेला खालचा लेख आजही स्पष्ट वाचतां येतो.