विमानातील चोरटा प्रवास
विमानात तिकिटाविना लपून केलेला प्रवास. जहाजांवरील ही जुनी युक्ती जेट विमानांत बहुधा प्राणघातक ठरते. कारण लपण्यास सापडते ती जागा म्हणजे चाके आत ओढून घेण्याचा कप्पा. सु. १०,००० मी. उंचीवर तेथे तापमान –५०° से.पर्यंत उतरते व हवेचा दाब भूपृष्ठावरील दाबाच्या सु. एक-चतुर्थांश होतो. माणूस लवकरच बेशुद्ध होतो. तत्पूर्वी चाकांखाली चिरडला न गेल्यास, उतरताना कप्प्याची दारे उघडताच तो कोसळण्याची भीती असते. क्वचित कोणी वाचतो, ते अतिशीत अवस्थेत शरीराची ऑक्सिजनाची गरज घटल्यामुळे, असे मानले जाते. १९६९ मध्ये हॅव्हानाहून माद्रिदला एक क्यूबन तरुण जिवंत पोहोचला. १९९६ मध्ये दिल्लीहून लंडनला निघालेल्या दोघा पंजाबी भावांपैकी एकच वाचला.

तथापि या प्रवासामागील हेतू सर्वांत स्पष्ट झाला, तो १९९९ च्या घटनेने. कोनाक्रीहून निघालेल्या गिनीच्या दोन किशोरवयीन मुलांची प्रेते २ ऑगस्ट रोजी ब्रुसेल्स येथे सापडली. त्यांना थंडीची कल्पना असावी; अंगावर कपड्यांचे अनेक थर होते. जवळ जन्मदाखले, शाळेची प्रगतिपत्रके आणि यूरोपच्या धुरीणांना उद्देशून फ्रेंचमध्ये लिहिलेले पत्र होते. युद्ध, रोग व उपासमार यांचा उल्लेख करून आफ्रिकेतील मुलांच्या शिक्षणासाठी त्यात साहाय्य मागितले होते. आपण मरण पावण्याची शक्यताही त्यांनी त्यात नमूद केली होती.