‘योग्या’ : शस्त्रक्रियेच्या शिक्षणातील एक विस्मृत शब्द

‘योग्य’ हे विशेषण मराठीत नित्य वापरले जाते. परंतु ‘योग्या’ हे संस्कृतातील स्त्रीलिंगी नाम आपल्या भाषेत रुजले नाही. त्याचा अर्थ सराव, हाताने करावयाचा अभ्यास. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय याच शब्दावरून ‘योग्यासूत्रीय’ म्हणून ओळखला जातो.

शास्त्रार्थ पूर्णपणे अवगत झालेल्या शिष्याकडूनही गुरूने योग्या करवून घ्यावी, असे ग्रंथकाराचे सांगणे आहे. छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर. भेदनाचा पाण्याने वा चिखलाने भरलेल्या कातडी पिशव्यांवर. लेखनाचा ताणलेल्या केसाळ कातड्यावर. वेधनाचा मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर. एषणाचा किडीने पोखरलेल्या लाकडावर. आणि सीवनाचा जाड-पातळ वस्त्रांच्या कडांवर. पट्टबंधनासाठी मनुष्याकृती बाहुली सांगितली आहे.

या यादीतील विवेक ध्यानात घेण्याजोगा आहे. कोणतेही एक द्रव्य येथे संपूर्ण देहाचे प्रतिरूप मानलेले नाही. त्या त्या कर्मात शस्त्राला जसा विरोध व्हावयाचा, तसा विरोध करणारे द्रव्य निवडले आहे. अग्निकर्म व क्षारकर्म यांसाठी मात्र फळे पुरत नाहीत. तेथे मऊ मांसखंडच विहित आहेत.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये आंजेलिक द्यू कुद्रे या सुईणीने कापड, कातडे व आतील भरण यांचे प्रसूतियंत्र तयार केले. 1759 साली पंधराव्या लुई राजाने तिला गावोगावच्या सुइणींना शिकविण्यासाठी नेमले. त्या यंत्राचा एक नमुना रूआँ येथील संग्रहालयात आजही पाहावयास मिळतो. सुश्रुताचा ग्रंथ तिच्या हाती आला होता, असे मानण्यास मात्र आधार नाही. सारखी गरज दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सारख्या उपायाकडे नेते, एवढाच निष्कर्ष येथे रास्त ठरतो. ‘सर्व काही आमच्याकडे आधीच होते’ हा अभिमान इतिहासाच्या कामी येत नाही.

आज सिम्युलेटरमध्ये सिलिकोनची त्वचा व जलधारक हायड्रोजेलचे अवयव वापरले जातात. सिलिकोन टाके घालण्याच्या सरावास उपयोगी पडते. परंतु ते विद्युत्‌रोधक असल्यामुळे विद्युत्‌शस्त्राने खऱ्या मांसाप्रमाणे कापता येत नाही. त्यासाठी क्षार व पाणी धारण करणारे द्रव्य लागते. अग्निकर्मासाठी वेगळे द्रव्य सांगणाऱ्या प्राचीन विवेकाची येथे सहज आठवण होते.

‘कृत्रिम ऊतक’ हा आजचा शब्द द्रव्याचा निर्देश करतो. ‘योग्या’ हा शब्द कृतीचा. द्रव्य कितीही हुबेहूब असले तरी सराव घडला नाही तर ते व्यर्थच होय. ज्याची योग्या झालेली नाही तो बहुश्रुत असूनही कर्मास अयोग्यच, असा शब्दश्लेष ग्रंथकाराने साधला आहे. त्यामागे केवळ भाषेचे कौतुक नाही. शिकाऊ हाताची पहिली चूक रुग्णाच्या देहावर होऊ नये, ही जबाबदारी त्यात आहे. आणि हा शब्द पुन्हा परिभाषेत आणावा, असे सुचविण्याचे कारणही तेच.